पाच सोमवारांच्या गोळ्या

नांदेडच्या त्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात सिंधूला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. "वार मागणारी बाई आली," असंच म्हणायचे. दवाखान्यात माणसं सही मागतात, रक्त मागतात, चहापाणी मागतात. ही बया लेकरामागून पडलेली वार मागायची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटाच यायचा, आणि बाळंतिणीच्या सासवा तर हिनं लेकरूच मागितल्यासारखं बघायच्या.

सिंधूही काही कमी नव्हती. शेचाळिशीतली, मूळची रेणापूरकडची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, दोन लेकींना उजवून मोकळी झालेली. तोंड असं की वॉर्डातल्या आयाबाया तिला वचकून असत. "भिऊ नका वो," ती सासवांना म्हणायची, "पुरी वार घेऊन मला काय लोणचं घालायचंय का? सुपारीएवढे पाच तुकडे घेते. बाकीची तुमची तुम्हाला परत. न्या आन् पुरा न्हाणीपाशी, तुमच्या रीतीनं." मग बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पोरीकडून अंगठा नाहीतर सही मिळायची, आणि सिंधू बर्फाची पेटी उचलून दारापाशी जाऊन उभी राहायची.

सिंधू ज्या अभ्यासासाठी हे तुकडे गोळा करायची, तो दवाखान्यातल्या वर्षाराणी मॅडमचा होता. पोटुशा बाईला सरकार रोज एक गोळी देतं, त्यात लोहाबरोबर फोलेट असतं. त्या फोलेटावर पोटातल्या लेकराचं रक्त धरतं, पाठीचा कणा भरतो, अंग वाढतं. पण आईच्या रक्तातलं फोलेट लेकरापर्यंत आपोआप वाहत जात नाही. मधे वार असते, आणि तिनं ते उचलून पलीकडं द्यावं लागतं. चांगल्या बाळंतपणात वार ते कसं देते आणि बीपीच्या, खुरटलेल्या लेकराच्या बाळंतपणात काय होतं, एवढं मॅडमला बघायचं होतं. म्हणून आईच्या दंडातलं थोडं रक्त, नाळेतलं थोडं रक्त आणि वारेचे पाच तुकडे. अर्ध्या तासाच्या आत धुऊन, नळीत भरून, नंबर टाकून गोठवायचे. नाव कुठंच लिहायचं नाही. नावांची यादी मॅडमच्या कपाटात कुलपात असायची. पण ज्या हातानं नंबर लिहिला, त्या हाताला कुलूप कुठून घालणार? सिंधूला तर शंभरातल्या सत्तर बायांचे चेहरे नंबरासकट पाठ होते.

त्रेसष्ट नंबर स्वप्नालीचा.

नोव्हेंबरातली दुपार होती. स्वप्नालीचं माहेर विष्णुपुरीचं. वडील बसवराज तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिपाई. सासर लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळला, आडत दुकानवाल्यांचं, कपाळावर विभूती लावल्याशिवाय चहा न पिणारं घर. पहिलं बाळंतपण म्हणून पोर सातव्यात माहेरी आली होती. आठवा लागला आणि पायावर सूज, डोक्यात कळा, डोळ्यापुढं काजवे. बीपी इतकं चढलं, की डॉक्टरनं सांगितलं, आता लेकरू बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

सिंधू कागद घेऊन गेली तेव्हा तिला आत न्यायची घाई चाललेली. पोरीनं कागद नीट वाचला, सही केली, आणि सिंधूचं मनगट धरलं.

"मावशी, एक इचारू का? गोळ्या म्या सगळ्या खाल्ल्या. उलट्या झाल्या तरी खाल्ल्या. निस्त्या पाच राह्यल्या."

"का राह्यल्या?"

"औंदा श्रावणात पाच सोमवार आले ना. आत्याबाई म्हणल्या, उपासाला गोळी चालत न्हाई, उपास मोडतो. म्या कातरीनं कापून कुंकवाच्या डबीत ठेवल्या, मंगळवारी दोन खाव्या म्हणून. तर डॉक्टर म्हणले, दोन खाऊ नको. तशाच राह्यल्या." तिनं ओठ चावला. "पाचानं काय होतंय का?"

आता सिंधूचं लक्ष होतं बर्फाकडं. बर्फ वितळत चाललेला आणि भरणारा माणूस जेवायला गेलेला. दिवसात दहा बायांना जे ती म्हणायची, तेच तिच्या तोंडून पडलं.

"एक बी सोडू नये, बाई. सरकार काय येडं हाय का रोजची एक द्यायला?"

 स्वप्नालीला आत घेऊन गेले.

पोरगी झाली. अकराशे ग्रॅमची. आणि मागून जी वार आली, ती सिंधूनं हातात घेतली आणि उजेडात धरली. धडधाकट वार जेवायच्या ताटलीएवढी असते, लालभडक, मऊ. ही तळहातावर मावली. कडक, जागोजागी पांढरे ठिपके. सिंधूनं तुकडे घेतले, धुतले, नळ्यांवर त्रेसष्ट लिहिलं. उरलेली वार बसवराजच्या हातात दिली. त्यानं ती विष्णुपुरीला नेऊन परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली.

पोरगी नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिली. सासरहून नवरा राजशेखर एकदा येऊन गेला, सासू उमादेवी, म्हणजे स्वप्नालीच्या आत्याबाई, दोनदा. दहाव्या दिवशी सकाळी पेटी मोकळी झाली. त्यांच्यात दहन नाही, मूठमाती देतात. बसवराजनं नातीला टॉवेलात गुंडाळून नेलं. वारेच्या खड्ड्यापेक्षा हा खड्डा काही फार मोठा लागला नाही, असं तो नंतर म्हणाला.

सुट्टी होऊन जाताना स्वप्नाली सिंधूपाशी थांबली. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच वाईट होतं.

"मावशी, तुम्ही म्हणला होता. एक बी सोडू नये."

तिनं ते तक्रारीनं म्हटलं नव्हतं. मास्तरनं सांगितलेलं पोर परत म्हणून दाखवतं तसं म्हटलं आणि गेली. सिंधू तिथंच उभी राहिली. आयुष्यात तिनं माणसांना काय काय सुनावलं होतं, भांडणं केली होती, पण आपलं बोलणं असं परत येऊन कानफटात बसलेलं तिला आठवत नव्हतं. त्या दिवसापासून तिनं ते वाक्य टाकून दिलं. पण टाकून काय उपयोग, गेलेला बाण थोडाच परत येतो!

हिवाळा गेला. शिमगा झाला. एप्रिलात, ऊन मी म्हणत असताना, बसवराज दवाखान्याच्या दारात सिंधूला शोधत आला. पाच महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"बाई, तुम्ही माझ्या पोरीची वार घेतली होती ना. त्यातनं कळतं का, तिनं गोळ्या खाल्ल्या का न्हाई ते?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्वप्नालीचं सामान आवरताना शिरूर अनंतपाळला कपाटात कुंकवाची डबी सापडली होती, तलाठी भरतीच्या पुस्तकाखाली. त्यात पाच गोळ्या. झालं! तिला परीक्षा द्यायची होती, तिला लेकरू नकोच होतं, तिनं गोळ्या लपवल्या, सापडल्या त्या पाच, फेकलेल्या किती कोण जाणे, असं सासरी सुरू झालं. पाचाच्या पन्नास झाल्या, पन्नासाच्या शंभर. न्यायला कुणी आलं नाही. आता निरोप आला होता, की बसव जयंती झाली की रविवारी बैठक घेऊ आणि सोक्षमोक्ष लावू. म्हणजे फारकत.

"पोरगी काय म्हणते?" सिंधूनं विचारलं.

"काय म्हणायलीय? म्हणती, खरंय त्यांचं, मीच मारलं. जेवत न्हाई. सोमवार आला की तर पाण्याचा थेंब घेत न्हाई."



सिंधू सरळ मॅडमच्या खोलीत गेली. वर्षाराणी मॅडमनं आधी ठाम नाही म्हटलं. कागद देता येत नाही, नंबर सांगता येत नाही, एका वारेवरून एका लेकराचा निकाल लावता येत नाही. सिंधू हलली नाही. "मॅडम, ती पोरगी मरून जाईल," एवढंच म्हणाली. मॅडमनं उठून दार लावलं. मग त्यांनी संगणकावर ठिपक्यांचा एक आलेख उघडला.

"कागद मिळणार नाही, सिंधूताई. तोंडी ऐका. हे बघा, धडधाकट बाळंतपणं. यात नाळेतलं फोलेट आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं. वार आईच्या रक्तातून खेचून बाळाला देते, आईला कमी पडलं तरी. आणि हे त्रेसष्ट. आईच्या रक्तात भरपूर आहे. वर्गात पहिली येईल इतकं. म्हणजे गोळ्या तिनं खाल्ल्यात. नाळेत मात्र कमी. वारेच्या सालीवर फोलेट उचलून नेणारे कण असतात, तेच थोडे होते. आणि फक्त फोलेट नाही हो. अशा वारेतून रक्त, हवा, साखर, सगळंच अपुरं जातं. पाच गोळ्या कमी काय, पाच जास्त खाल्ल्या असत्या तरी फरक पडला नसता."

"मग खोट तिच्या पोटात का?"

"खोट कुणाचीच नाही. आणि वार आईची नसतेच, ताई. बाळ ज्या बीजातून होतं, त्यातूनच वार होते. ती बाळाचाच भाग. आई फक्त जागा देते, रक्त देते." मॅडमनं आलेख बंद केला. "हे तिला सांगा. तिला एकटीला. चारचौघांत नका सांगू."

सिंधूनं मान हलवली. पण मॅडमचं शेवटचं वाक्य तिच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं. चारचौघांत पोरीची अब्रू घेतली, तर चारचौघांतच परत द्यायला नको का? सिंधूचा न्याय असा होता.

रविवारी सकाळी तिघं निघाली. सिंधू, बसवराज आणि स्वप्नाली. नांदेडहून लातूरची एसटी, लातुरात गाडी बदलून शिरूर अनंतपाळ. स्वप्नाली हाडांचा सापळा झाली होती. सिंधूनं तिला वाटेत सांगायचं ठरवलं होतं, पण लातूरच्या स्टँडवर बसवराज पाणी आणायला गेला, तेवढ्यात पोरच बोलली.

"मावशी, गोळ्यांचं काय ते बोला. पण सोमवारचं बोलू नका. आत्याबाईचं नाव निघायला नको."

"का म्हणून? तिनंच अडवलं ना तुला?"

"तुम्हाला माझी शपथ हाय."

सिंधूनं कपाळावर हात मारला. "येडी का खुळी तू?" म्हणाली. पण शपथ घेतली. आणि मग म्हणाली, "बैठकीत ऐकच तू, म्या काय सांगते ते." तिला वाटलं, पोरीला सगळ्यांदेखत ऐकू दे, म्हणजे दुप्पट बरं वाटेल. तिथंच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आडतीच्या मागंच घर. पुढच्या खोलीत गादी घातलेली, त्यावर घरातले वडीलधारे गुरुबसप्पा, राजशेखरचे चुलते. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज गोड. बाजूला राजशेखर, मोबाइलात मान घालून. आणखी चार भावकीतली माणसं. उमादेवी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. बसवराजपुढं पाण्याचा तांब्या आला. गुरुबसप्पांनी सिंधूला आडनाव विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. तिच्यापुढं तांब्या आला नाही. सिंधूला त्याचं नवल वाटलं नाही. ती काही पाणी प्यायला आली नव्हती.

"सूनबाई," गुरुबसप्पा म्हणाले, "पाच गोळ्या डबीत का ठेवल्या, एवढं सांग. तू सांगितलंस तर बोलणंच मिटलं."

स्वप्नाली फरशीकडं बघत राहिली. चौकटीतली उमादेवी हलली नाही, पण पदराचं टोक तिनं मुठीत असं आवळलं, की बोटं पांढरी पडली. सिंधूनं ते बघितलं. आणि तिला लख्ख कळलं, की ही बाई विसरलेली नाही. हिला पाचच्या पाच सोमवार आठवतात.

"विसरले," स्वप्नाली म्हणाली.

"घ्या! विसरली म्हणे," भावकीतला एकजण म्हणाला. "तलाठ्याचं पुस्तक बरं विसरली न्हाई."

सिंधूची जीभ शिवशिवत होती. शपथ नसती तर तिनं तिथल्या तिथं उमादेवीला दारातून ओढून पुढं आणलं असतं. ती पुढं सरकून बसली.

"मालक, तुमची आडत हाय, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. मोंढ्यात माल येऊन पडतो. पण गाडीत चढवतं कोण? हमाल. माल ढीगभर असला आन् हमालच न्हाईत, तर गाडी मोकळीच जाणार का न्हाई?"

"जाणार," गुरुबसप्पा सावधपणे म्हणाले.

"तसंच झालं. पोरीच्या रक्तात फोलेटाचा ढीग होता. दवाखान्यात मोजलंय. गोळ्या खाल्ल्याबिगर तो येत न्हाई. पण वारेतले हमाल कमी पडले. पलीकडं लेकराकडं माल चढलाच न्हाई. हिनं तिच्याकडचं सगळं दिलं होतं."

स्वप्नालीनं पहिल्यांदा मान वर केली. बसवराजनं डोळे पुसले. एवढ्यावर सिंधू गप्प बसली असती तर! पण गुरुबसप्पा चाळीस वर्षं सौदे करत आलेला माणूस. त्यांनी हळूच विचारलं,

"मग हमाल कुणाचे, बाई? हिच्याच पोटातले ना? म्हणजे माल चांगला, पण पोटातच खोट. उद्या दुसऱ्या वेळी बी तेच व्हायचं."

माना डोलल्या. राजशेखरनं मोबाइल खाली ठेवला आणि बायकोकडं पाहिलं. नासका निघालेला दाणा बघावा तसं पाहिलं. सिंधूचं डोकं फिरलं. तिच्या मस्तकात एक तिडीक गेली की मग तिला ब्रह्मदेवही आवरू शकत नसे.

"हमाल आईचे नसतेत!" ती ताडकन म्हणाली. "वार आईची नसती, लेकराची असती. लेकराच्याच बीजातनं होती. आन् लेकरू कुणाचं? निम्मं हिचं, निम्मं तुमच्या पोराचं. खोट हुडकायचीच असंल, तर निम्मी या गादीपाशी हुडका!"

बोलणं खोटं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या होत्या, खोट कुणाचीच नाही. ते तेवढं सांगायचं राहिलं, आणि रागात सिंधूच्या हातात जे होतं त्याची तिनं काठी केली.

राजशेखर उठला. कानापर्यंत लाल झालेला. "मला नामर्द म्हणायलीस?" तो ओरडला. कुणीच तसं म्हटलं नव्हतं, पण आता ऐकतो कोण! भावकी उठली. गुरुबसप्पांचा गोड आवाज संपला. "आमच्या घरात येऊन आमच्या पोराला खोट लावता? बसवराज, ही बाई तुम्ही आणलीत. आता बोलायचं काय राह्यलं न्हाई." बसवराज हात जोडत राहिला, एकेकाच्या पुढं जाऊन वाकत राहिला. तास-दोन तास चालायची ती बैठक पाव तासात उरकली. फारकतीचा कागद आधीच करून ठेवलेला होता, आतून आणला. स्वप्नालीनं तो नीट वाचला आणि सही केली, वारेच्या कागदावर केली होती तशीच.

तिचं सामान लातूरपर्यंतच्या भाड्याच्या गाडीत घालेपर्यंत सिंधू मागच्या दारी नळावर गेली. तोंडावर पाणी मारत होती, तर मागं पाऊल वाजलं. उमादेवी. इकडंतिकडं बघून ती जवळ आली. पन्नाशीची बाई, पण चेहरा असा की कित्येक दिवस झोप नसावी.

"बाई," ती कुजबुजली, "एक सांगाल का? समजा, एखादीनं पाच दिवस गोळी न्हाई घेतली. उपासाच्या पायी. निस्ते पाच दिवस. तर त्यानं लेकरू..."

आणि ती पायरीवर खालीच बसली. सिंधूच्या तोंडावरून पाणी निथळत होतं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. त्यानं काही झालं नाही, बाई. एवढंच. पाच शब्द. मॅडमनं सांगितलेलं, मोजलेलं, पक्कं. पण समोर जी बसली होती, ती चौकटीला टेकून सगळं ऐकत उभी राहिलेली बाई होती. पोरीचा संसार तिच्या डोळ्यांदेखत मोडला आणि हिच्या तोंडून अक्षर निघालं नाही.

"आत जा," सिंधू म्हणाली. "सगळ्यांपुढं हेच इचारा. मग सांगते."

उमादेवीनं तिच्याकडं बघितलं. आत माणसांचे आवाज येत होते. ती भिंतीला धरून उठली, आत गेली. सिंधू कान देऊन उभी राहिली. भांडी वाजली, कुणीतरी चहा मागितला. उमादेवीचा आवाज काही आला नाही. बरं झालं, भोग म्हणावं आता, असं सिंधू मनात म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून गाडीकडं गेली.

लातूरला नांदेडची एसटी मिळाली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. बसवराज पुढं एकटाच बसला. मागं सिंधू आणि खिडकीशी स्वप्नाली. मोंढ्याची वस्ती मागं पडली तशी स्वप्नाली सिंधूकडं वळून बसली.

"मावशी, तुम्ही म्हणला ते खरं का? म्या दिलं होतं?"

"दिलं होतंस. पुरेपूर दिलं होतंस, माय."

"आन् त्या पाच?"

"त्या पाचानं काय झालं न्हाई. कायच न्हाई. त्या दिवशी म्या उगं बोलले गं. सवयीनं बोलले. डोक्यात बर्फाचं होतं माझ्या. माझं चुकलं."

स्वप्नालीचा चेहरा वाकडा झाला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ती रडली. हुंदके देऊन, बसमधली माणसं वळून बघेपर्यंत. सिंधूनं तिला कुशीत घेतलं. तिचे स्वतःचेही डोळे वाहत होते. संसार गेला तर गेला, पोरगी तरी वाचली, असं तिला वाटलं. चाकूर आलं, गेलं. रडून रडून स्वप्नाली शांत झाली, नाक पुसलं, आणि एकदम उठून बसली.

"आत्याबाईला सांगितलंत ना हे? मागच्या दारी आल्या होत्या तुमच्याकडं. म्या बघितलं."

सिंधू पदराच्या टोकाला गाठ मारू लागली.

"मावशी?"

"न्हाई सांगितलं."

"का?" पोरीच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "मावशी, त्यांचं बी पहिलं लेकरू असंच गेलंय. ह्यांच्या आधीचं. तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांनाच बोल लावला होता. म्हणून तर पाच सोमवार धरायला लावले मला, लेकरू जगावं म्हणून. मला दोनदा फोन करून रडल्या. म्हणल्या, म्याच खाल्लं गं माझ्या नातीला, पण कुणाला सांगू नको, हे लोक मला घरात ठेवायचे न्हाईत. म्हणून म्या शपथ घातली तुम्हाला. त्या बाई फोनवर इचारायच्या मावशी, मळ्यातली विहीर किती खोल असंल गं म्हणून. हसत इचारायच्या, पण इचारायच्या."

पाच शब्दांचं काम होतं. पायरीवर बसलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढं आली, वर केलेलं तिचं तोंड आलं.

"त्यांचा फोन नंबर सांग," ती म्हणाली. "लवकर सांग."

स्वप्नालीनं नंबर सांगितला. सिंधूनं फोन लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, बंद झाली. पुन्हा लावला. या खेपेला कुणीतरी उचलला, राजशेखरचा आवाज आला, "कोण?" सिंधू म्हणाली, "आईला द्या, एकच मिनिट, लई गरजेचं हाय." आवाज ओळखून त्यानं शिवी दिली आणि फोन आपटला. नंतर लावला तर नुसताच वाजत राहिला.

अहमदपूर आलं. पुढं बसलेला बसवराज मान टाकून झोपला होता. स्वप्नाली सिंधूचा हात घट्ट धरून फोनकडं बघत होती, आणि सिंधू पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती. पलीकडं कुणी उचलत नव्हतं.